पाडव्याला दादाचं पुस्तक

शाहूपुरी, कोल्हापूर
१६ फेब्रुवारी २००९

चि. स्नेहल,

तू एकदा खळ खाल्ली होतीस. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आपण दोघी फरशीवर बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होतो. मी खिडकी लावायला उठले, तेवढ्यात तू वाटीत बोट बुडवून चाटलंस आणि म्हणालीस, "आत्ती, साखर घातली असतीस तर चाललं असतं." मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तुला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं, तर तू ओकता ओकता रडत होतीस, कारण मांडीवरचं पुस्तक भिजलं होतं. तो वार कुठला, महिना कुठला, काही आठवत नाही. त्या दिवशी दुसरं काही घडलंच नव्हतं. बहुधा म्हणूनच तो मला इतका स्वच्छ आठवतो.

तुझं पत्र मिळालं. पंधरा वर्षांतलं चौथं. चारदा वाचलं. तू लिहितेस, "सन्मती आता चार वर्षांची होईल. पाडव्यापासून तिला रोज वाचून दाखवायचं ठरवलंय. तू माझ्यासाठी निवडायचीस तशी दहा पुस्तकं सांग. स्वच्छ, आनंदी, वसंतातली. मरण नको, रडारड नको."

शेवटचं वाक्य माझंच आहे. दर फाल्गुनात बालविभागाच्या फळ्यावर मी ते खडूनं लिहायची. तू त्याखाली उभी राहून अक्षरं लावायला शिकलीस.

तर पुस्तकं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लुईझा वसंताच्या गोष्टी वाचायच्या. त्यांत बर्फ वितळायचा, कोकरं उड्या मारायची, पिवळी फुलं मान वर काढायची. आम्ही चाळीस मुली मार्चच्या उकाड्यात घामाघूम होऊन बर्फ वितळण्याची वाट पाहायचो. मला ती पुस्तकं अजून आवडतात, खोटं कशाला सांगू? पण चार वर्षांच्या पोरीला पहिलं पुस्तक असं दे, की त्यातला वसंत तिला खिडकीतून दिसला पाहिजे. हुबळीत पळस आहे, मोहोर आहे, कडुलिंबाची कोवळी पानं आहेत. कैरी पहिल्यांदा चाखून तोंड वाकडं करणाऱ्या मुलीचं एक पातळ पुस्तक हंबीररावांच्या दुकानात आहे. चित्रं मोठी आहेत, एका पानावर तीनच ओळी. ते आधी घे. मधमाश्यांचं एक आहे, त्यात पोळं कापत नाहीत, नुसतं बघतात. तेही चालेल. आणि पुस्तक विकत घेण्याआधी दुकानातच एक पान मोठ्यानं वाचून बघ. जे पुस्तक वाचताना जीभ अडखळते ते घरात कुणी दुसऱ्यांदा हातात धरत नाही.

तुम्ही तिकडे अजून सूर्यास्ताआधी जेवता का? आपल्याकडे तो नियम होता म्हणून तर वाचन झालं. जेवणं आटपली तरी दिवे लावायला अवकाश असायचा आणि त्या उरलेल्या उजेडात तू वाचायचीस. तुझे वडील आण्णासो आरामखुर्चीत, तुझी आई सुपात ज्वारी निवडत, मी उंबऱ्यात. आणि दर पाडव्याला ते एक पुस्तक. त्याबद्दल आज लिहीत नाही.

उरलेली नावं पुढच्या पत्रात. तुझी आई बरी आहे.

तुझी
आत्ती

---

शाहूपुरी, कोल्हापूर
२७ फेब्रुवारी २००९

चि. स्नेहल,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खरी नव्हती. तुझी आई बरी नाही. हृदयाची झडप निकामी झाली आहे. पाय सुजतात, चार पायऱ्या चढली की भिंतीला धरून उभी राहते. ऑपरेशनला आता शरीर टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "दिवाळी होईल. पुढचं सांगत नाही."

तिनं मला शपथ घातली आहे. म्हणाली, "अक्का, पोरीला कळवायचं न्हाई. ती पावण्यासारखी येणार, च्या पिणार, घड्याळ बघणार. त्यापरास नकोच."

मी म्हटलं, "रत्ना, ती तुझी मुलगी आहे."

"व्हय की. म्हणून तर म्हणतोय."

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, स्नेहल. तू पाच वर्षांची असताना जिनेंद्र गेला. तुझा भाऊ गेला आणि तुला सांगितलं, की तो गुरुकुलात शिकायला गेलाय. पाच पाडवे त्याच्या नावानं तुला पुस्तक आलं, पहिल्या पानावर 'तुझा दादा' अशी सही. पाच वर्षं तू एका मेलेल्या मुलाला उत्तरं लिहिलीस. ते सगळं आईनं केलं, हे कळलं त्या दिवसापासून तू तिला आई म्हणून हाक मारली नाहीस. सांगलीच्या वसतिगृहात गेलीस, विसाव्या वर्षी लग्न करून हुबळीला गेलीस. आण्णासो गेले तेव्हा तीन दिवस आलीस आणि तिच्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस. ती दारात हातात डबा घेऊन उभी होती. दशम्या होत्या त्यात.

एकदा ये. मी एवढंच मागते.

नदीकाठच्या बगळ्यांचं एक पुस्तक आहे, ते यादीत धर. पिल्लं उडायला शिकतात आणि सगळीच्या सगळी उडतात.

तुझी
आत्ती

---

शाहूपुरी, कोल्हापूर
९ मार्च २००९

चि. स्नेहल,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "आईबद्दल लिहू नकोस. पुस्तकांबद्दल लिही."

बरं, पुस्तकांबद्दल लिहिते.

काल हंबीररावांकडे गेले होते. आता डोक्यावर एकही केस उरलेला नाही, पण बोलणं तसंच. मला बघून ओरडले, "या बाई! पोरांस्नी देवमाणूस करायची औषधं आणून ठेवल्यात बघा, चैत्राची!" मी म्हटलं, "हंबीरराव, लहान पोरीसाठी पाहिजेत, हसून द्या." तर म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, तुमी पुस्तक निवडता का भाजी? एकेक पान दाबून बघताय."

खरंच दाबून बघते मी. माझी पद्धत तुला माहीत आहे. बालविभागात पुस्तक आलं, की आधी मी ते शेवटापर्यंत वाचायची आणि ज्या पानावर कुणी मरतं, कुणाची आई सोडून जाते, ती दोन पानं खळीनं एकमेकांना चिकटवून टाकायची. मुलं मला खळवाल्या बाई म्हणायची. चिकटवलेलं पान जाड लागतं हे सगळ्यात आधी तुझ्या लक्षात आलं. तू ते खिडकीशी उजेडावर धरून आतली अक्षरं वाचायचा प्रयत्न करायचीस. मी ओरडायची. कुणाही लहान मुलाला रडवायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात काही वाईट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. सगळ्या पालकांना ते आवडायचं.

आणखी एक. तू सात वर्षांची असताना, दादाकडून म्हणून आलेल्या हरणांच्या पुस्तकातही दोन पानं चिकटलेली निघाली. तू मला विचारलंस, "आत्ती, दादाच्या पुस्तकाला कुणी खळ लावली?" मी म्हटलं, "गुरुकुलातल्या गुरुजींनी लावली असेल." तू मान डोलावलीस आणि पुढचं पान वाचलंस.

तेव्हाच तू मला पकडायला हवं होतंस. सात वर्षांची होतीस, कशी पकडणार?

आज इथंच थांबते. हात दुखतोय.

तुझी
आत्ती

---

शाहूपुरी, कोल्हापूर
१५ मार्च २००९

स्नेहल,

ते मी केलं. तुझ्या आईनं नाही.

हे वाक्य लिहून मी खाली गेले, पाणी प्यायले, पुन्हा वर आले. अजून कागदावर आहे. आता सगळं सांगते, अडवू नकोस.

भाद्रपदात जिनेंद्रला ताप भरला. मंगळवारी भरला, शुक्रवारी सकाळी तो गेला. मेंदूज्वर. तुला लागू नये म्हणून बुधवारीच कागलला आजीकडे पाठवलं होतं. महिन्यानं आण्णासो तुला घेऊन आले. पायरीवरच तू विचारलंस, "दादा कुठाय?" आण्णासो चपला काढायला वाकले. तुझी आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसून ती खाली बसली, तुला मांडीवर घ्यायला तिनं दोन्ही हात पुढे केले होते. ती सांगणार होती, स्नेहल. मी पाहिलं होतं तिच्या तोंडाकडे. आणि मी मधेच बोलले. "दादा गुरुकुलात गेलाय. लांब, कर्नाटकात."

गल्लीतली जैनांची दोन मुलं त्याच वर्षी गुरुकुलात गेली होती. म्हणून ते इतकं सहज तोंडातून आलं आणि तुलाही सहज पटलं.

दुसऱ्या दिवशी तुझी आई मला म्हणाली, "अक्का, लेकराला खरं सांगा. मेला म्हणून सांगितलं की रडंल आणि गप बसंल. हे असं टांगून ठेवू नका." मी शिकलेली, ती तिसरी पास. मी तिला म्हटलं, "तुला मुलांच्या मनाचं काही कळत नाही. आठ दिवस जाऊ देत." आण्णासो माझे धाकटे भाऊ, माझ्या शब्दाबाहेर कधी नव्हते. आठ दिवसांचे सहा महिने झाले आणि पाडवा आला. तू दादानं काय पाठवलं म्हणून दारात बसून राहिलीस. मी हंबीररावांकडे गेले.

जिनेंद्रची चौथीची वही माझ्याकडे होती. सिस्टर लुईझानं दोन रेघांत घोटून घेतलेलं माझं अक्षर मोडायला मला दोन दिवस लागले. त्याचा 'द' पोटात वाकायचा, 'ल' उजवीकडे कलायचा. 'प्रिय स्नेहल, मी इथे मजेत आहे. शहाणी हो. तुझा दादा.' तू ते वाचलंस आणि घरभर नाचलीस. मला वाटलं, मी जगातलं सगळ्यात चांगलं काम केलंय. तुझी आई सूप घेऊन परसात निघून गेली.

मग दर वर्षी. सुट्टीत तो का येत नाही, असं तू विचारायचीस. तिथला नियम आहे, मी सांगायची. शाळेत एक मुलगी म्हणाली, "तुझा भाऊ मेलाय," तर तू तिला पाटीनं मारून आलीस आणि मास्तरांसमोर माफीही मागितली नाहीस. त्या दिवशी तुझी आई मला म्हणाली, "आता तरी बास करा." मी केलं नाही.

पाचवा पाडवा तुला आठवतो. पुस्तक उघडून तू त्या ओळीवर बोट ठेवलंस. "दादा आठवीत आहे ना? माझं अक्षर सुधारलं, मग त्याचं अजून चौथीतलंच कसं?"

मी वही पुढे ठेवून जसंच्या तसं काढत होते. मुलगा वाढतो, त्याचं अक्षर वाढतं, हे पुस्तकं निवडणाऱ्या शहाण्या बाईच्या लक्षातच आलं नव्हतं.

आण्णासो उठून बाहेर गेले. मी फरशीकडे बघत राहिले. तू आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होतीस. तेव्हा तुझ्या आईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ते मी लिवलं. दादा न्हाई. दादा मेला, तू कागलला होतीस तवा. पुस्तकावर मी लिवलं."

तू तिचं कागलच्या मामाला लिहिलेलं, अजून पेटीत न टाकलेलं पोस्टकार्ड आणून शेजारी धरलंस. तसंच वाकडं अक्षर. तुला खरं वाटलं. वाटणारच.

मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. पुढेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. मी म्हटलं, "रत्ना, मी आज सांगते तिला." ती म्हणाली, "नका सांगू. भाऊ गेला तिचा, आई तर आता गेलीच समजा. पुस्तकं आणि तुमी, दोनच ऱ्हायलंय. ते बी काढून घेतलं तर पोरगी काय धरून बसंल?"

मी ते मान्य केलं. मला ते सोयीचं होतं. पंधरा वर्षं तू मला आत्ती म्हणून पत्रं लिहिलीस, माझ्याकडे पुस्तकांची नावं मागितलीस आणि मी ती दिली.

दिवाळीपर्यंत वेळ आहे असं डॉक्टर म्हणाले आहेत. ये, स्नेहल. माझ्याकडे येऊ नकोस. तिच्याकडे ये.

त्रिशला

---

शाहूपुरी, कोल्हापूर
२८ मार्च २००९

स्नेहल,

काल पाडवा झाला. तुझं उत्तर नाही. येईल असं समजूनही बसले नव्हते, पण पोस्टमनची सायकल वाजली की जिन्यात उभी राहते. तुझी आई खालून म्हणते, "कुणाचं पत्र यायचंय एवढं?" तिला मी कालपर्यंत काही सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लपवली. ती सांगितल्याशिवाय झोप लागत नाही.

तुला खरं कळल्यावर मी थांबले नाही.

पुढच्या वर्षी पाडव्याआधी मी हंबीररावांच्या दुकानात उभी होते. माझ्यासाठी काही घ्यायचं नव्हतं. हात एका चिमण्यांच्या पुस्तकावर होता आणि कानाशी स्वच्छ ऐकू आलं, "हे नको, आत्ती. ती आता मोठी झाली." वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. मी समुद्रप्रवासाचं जाड पुस्तक घेतलं. मी स्वतः ते कधीच निवडलं नसतं, त्यात वादळात माणसं बुडतात. घरी येऊन पहिलं पान उघडलं आणि लिहिलं. या वेळी अक्षर वाढवलं. तू दाखवलेली चूक मी सुधारली. 'द'चं पोट सरळ झालं होतं.

ते पुस्तक तुला पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी ट्रंकेत ठेवलं.

संध्याकाळी तुझी आई वर आली. दारातच थांबली. मला वाटलं, आता बोल लावणार. तिनं हळूच विचारलं, "यंदा काय लिवलंय त्यानं?"

तिला कसं कळलं, मी विचारलं नाही. वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंधराचा झाला. आवाज फुटला असंल." आणि खाली गेली.

त्यानंतर दर पाडव्याला ती येते. मी पुस्तक काढते, वाचते. ती म्हणायची, "मिशी आली असंल की." मग कॉलेज. मग मी त्याला शिरोलीला एमआयडीसीत नोकरी लावली, फाउंड्रीत. तिनं विचारलं, "डबा कोण करून देतंय त्याला?" आण्णासो गेले त्याच्या पुढच्या पाडव्याला पुस्तकावर लिहिलेलं होतं, 'आता घरात मोठा मीच. काळजी करू नका.' स्नेहल, ते वाक्य लिहिल्याचं मला आठवत नाही. शाई माझीच होती, पेन माझंच होतं. तुझ्या आईनं पदर तोंडात धरला. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "त्याच्या लग्नाचं बगा की आता, अक्का," आणि आम्ही दोघी हसलो. नंतर कितीतरी वेळ दोघींपैकी कुणाला एकमेकींकडे बघवेना.

जी बाई पहिल्या दिवशी म्हणाली होती, की टांगून ठेवू नका, तिलाही मी माझ्यासारखं करून टाकलं. आम्ही दोघींनी त्याला अठ्ठावीस वर्षांचा केला. ट्रंकेत चौदा पुस्तकं आहेत. कधी कधी दुपारी, घरात कुणी नसताना, मी ती ओळीनं लावते आणि त्याचं अक्षर मोठं होताना बघते. मधे एकही वर्ष चुकलेलं नाही. तुझ्या लग्नाच्या वर्षीही त्यानं तुला आशीर्वाद दिला आहे.

काल पंधरावं पुस्तक आणलं होतं. नद्यांच्या उगमांचं आहे. सकाळी अंघोळ करून बसले, पहिलं पान उघडलं. पेन टेकलं. काही आलं नाही. चौथीतलं अक्षर नाही, मोठं अक्षर नाही, माझंही नाही. तास गेला. तुझी आई जिना चढून आली, प्रत्येक पायरीवर थांबत. विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणत, रत्ना."

ती खाटेवर टेकली. बराच वेळ धापा टाकत बसली. मग म्हणाली, "तुमी स्नेहलला सांगितलं."

"हो."

"कवा?"

"बारा दिवस झाले."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाली, "मग आता तिची वाट बगायची. त्याची बास झाली."

तुझ्या आईनं तुझी वाट बघते असं पहिल्यांदा उच्चारलं. ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

त्रिशला

---

शाहूपुरी, कोल्हापूर
१९ एप्रिल २००९

चि. स्नेहल,

जाताना तू जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून म्हणालीस, "आत्ती, आता यादी पाठवू नकोस." पाठवत नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

तू महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी आलीस. रिक्षा थांबली, मी वरून पाहिलं, पण खाली आले नाही. तू तिच्याकडे आली होतीस. माझी खोली तिच्या खोलीवरच आहे आणि या घराच्या फळ्यांमधून सगळं ऐकू येतं, हे तुला माहीत आहे. तरी तू आवाज खाली आणला नाहीस. मला ऐकू यावं असं तुला वाटत होतं का, मला कळलं नाही.

आधी तू खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. मग तुझा आवाज. "मग तू का म्हणालीस, मी लिहिलं म्हणून?"

"कुणीतरी म्हणायला पायजे होतं की. तुझा बाप भाईर गेला, आत्ती फरशी मोजत बसली."

"पंधरा वर्षं, आई!"

"मला काय म्हाईत पंधरा लागतील? मला वाटलं, चार दिस रुसंल." थांबून म्हणाली, "पण माझं अक्षर इतकं वंगाळ हाय व्हय गं? चौथीतल्या पोराचं म्हणून खपलं!"

तू हसलीस. मग ते हसणं नव्हतं राहिलं. मी कानावर हात ठेवले. एवढं तरी तुमचं दोघींचं असावं.

दुसऱ्या दिवशी सन्मती माझ्या दारात आली. एकटीच जिना चढली होती. मला विचारलं, "तू इथं एकटी राहतेस? मग कुणाशी बोलतेस?" मी उत्तर द्यायच्या आत तू खालून हाक मारलीस, "सन्मती, खाली ये." ती गेली. तुझं बरोबर होतं. मीही माझ्या मुलीला त्या खोलीत बसू दिलं नसतं.

आता तुझी आई हुबळीला तुझ्याजवळ आहे. हे घर रिकामं आहे. मी सहासष्ट वर्षांची आहे. अजून कुठे चालले नाही, पण आवराआवर हात चालतो तोवर झालेली बरी. मी असताना न्यायचं की नंतर, ते तू ठरव. कुणाला काय जावं, ते लिहून ठेवते.

ट्रंकेतली चौदा पुस्तकं तुझ्या आईला. लिहायला सुरुवात तुझ्यासाठी झाली होती, पण ती तिचीच आहेत. तिनं मागितली तर दे. नाही मागितली तर तिच्यासमोर काढू नकोस.

यंदाचं पंधरावं, नद्यांचं, हंबीररावांना परत कर. पहिलं पान कोरं आहे. विकता येईल.

वाचनालयातली चिकटवलेली पुस्तकं दीक्षाला. तिनं आता बालविभाग सांभाळायला घेतलाय. हुशार मुलगी आहे, माझ्यापेक्षा मोकळी. तिला सांगितलंय, की पानावर ओलं फडकं घडीभर ठेवलं तर खळ सुटते, कागद फाटत नाही. चाळीस वर्षांची पुस्तकं आहेत, तिला वेळ लागेल. कुठल्या पानापासून सुरुवात करायची, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हरणांच्या. तू इथंच टाकून गेलेलं ते पुस्तक मी त्यांतच ठेवलंय.

माझी खाट आणि उबदार पांघरुणं बनाबाईला. पंचवीस वर्षं तिनं या घरात पाणी भरलंय.

जिनेंद्रची चौथीची वही तुला. रेघोट्या आहेत, दोन बेरजा चुकलेल्या आहेत, एका पानावर बैलगाडी काढली आहे आणि तिला चाकं पाच आहेत. त्यातलं एकही अक्षर माझं नाही. पुरावा म्हणून दुसरीकडे ताडून बघू नकोस. नुसती वाच.

सन्मतीसाठी मी काही ठेवलेलं नाही. तिला दुकानात घेऊन जा आणि दारातच तिचा हात सोड. ती जे उचलेल ते घेऊन दे. त्यात कुणी मरत असलं तरी.

त्रिशला